येळवशीला आलेलं लेकरू

साक्ष द्यायला मला कधी जमलं नाही. रविवारी उपासनेत बायका उठतात, पदर सारखा करतात आणि प्रभूने आपल्यासाठी काय काय केलं ते डोळ्यांत पाणी आणून सांगतात. मी मागच्या बाकावर बसून त्या वेळात उद्याच्या खिचडीला डाळ पुरेल का याचा विचार करत असते. देवाने माझंही बरंच केलं असणार, पण ते उभं राहून सांगावं इतकी ताकद माझ्यात रविवारपर्यंत शिल्लक राहत नाही. म्हणून हे लिहून काढते आहे. लिहिताना निदान बसता येतं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. नाताळ नुकताच होऊन गेला होता आणि कागदी चांदण्या काढायच्या कंटाळ्याने त्या तशाच दोरीवर लोंबत होत्या. किल्लारीजवळच्या एका पुनर्वसन झालेल्या गावात आमच्या ख्रिस्ती मंडळीचं पाळणाघर आहे, चर्चच्या घंटेला लागूनच, ते मी सांभाळते. तरुणपणी नांदेडहून आले ती इथलीच झाले. इथेच लग्न झालं, इथेच मालक गेले, मुलगा पुण्याला नोकरीला लागला. आता गुडघे बोलतात, कंबर बोलते, आणि फोनवर मुलगाही तेच बोलतो, "आई, पुरे झालं. इकडे ये." झोप काढली की जातो तसला हा थकवा नव्हता. सकाळी डोळे उघडायच्या आधीच तो अंगात येऊन बसलेला असायचा. प्रार्थनेला बसले की शब्दाच्या आधी जांभई यायची. मग मनात यायचं, आपण ज्याच्याशी बोलतोय तो ऐकतो तरी का, की तोही आपल्यासारखाच दमलाय? असलं काही पाळकसाहेबांना विचारायची सोय नसते. ते लगेच उपवास-प्रार्थना ठेवतात, आणि तिचा चहा आपल्यालाच करावा लागतो.

पाळणाघराचा इतिहास विचारायला अधूनमधून लातूरहून पाहुणे येतात. त्यांना वाटतं, कुणीतरी योजना आखली असेल, कोनशिला बसवली असेल. तसं काही नव्हतं. भूकंपानंतर मंडळीने इथे धान्य आणि चादरी वाटायला पत्र्याचं शेड उभं केलं. वाटप संपलं, शेड राहिलं. वाचलेल्या बायका ढिगारे उपसायला, मग नव्या घरांच्या बांधकामावर जाऊ लागल्या आणि जाताना लेकरं शेडमध्ये सोडू लागल्या, कारण दगडी भिंतीच्या आडोशाला लेकरू ठेवायची तेव्हा कुणाची छाती नव्हती. पत्रा अंगावर पडला तरी माणूस वाचतं, एवढाच विचार. पाळणाघर कुणी काढलं नाही, ते मंडळीच्या गळ्यात पडलं. मी बालवाडीचा कोर्स नुकताच पुरा केला होता. नांदेडचे आमचे पाळक म्हणाले, महिनाभर जाऊन मदत करून ये. तो महिना अजून चालू आहे.

हौसाक्का पहिल्या दिवसांपासूनची. ती आमच्या मंडळीतली नाही, गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरची. तिचं तान्हं दगडांखाली गेलं होतं. ती शेडच्या दाराशी येऊन नुसती बसायची, कुणाशी बोलायची नाही. एकदा एक पोर रडून रडून निळं पडायला लागलं, तशी ती उठली. त्या पोराच्या आईचं लुगडं कोपऱ्यात पडलं होतं ते तिने उचललं, वरच्या लोखंडी नळीला त्याची झोळी बांधली, पोराला आत टाकलं आणि झोका द्यायला लागली. पोर गप झालं. त्या दिवसापासून तो आमचा नेम झाला. इथे लेकरू ठेवायचं तर आईने अंगावर वापरलेलं, न धुतलेलं एक लुगडं आणून द्यायचं. लेकरू आपल्या आईच्या लुगड्यात झोपतं, दुसरीच्या नाही. पुढे पक्की इमारत झाली तेव्हाही आम्ही छताखाली नळ्या मुद्दाम बसवून घेतल्या. एकदा परदेशातल्या कुणा भल्या माणसांनी इवल्या इवल्या खाटा पाठवल्या. त्यांवर आम्ही कांदे ठेवतो.

एके काळी इतक्या झोळ्या टांगलेल्या असायच्या की वाकून चालावं लागे. मग गावात अंगणवाडी आली, ते चांगलंच झालं. मग इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या यायला लागल्या आणि आयांना वाटू लागलं की झोपण्यापेक्षा पोराने एबीसीडी म्हणावी. त्यातही त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, मीही माझ्या मुलाला तसंच वाढवलं. आता आमच्याकडे येतात ती रोजंदारीवर जाणाऱ्या बायकांची मोजकी लेकरं. मंडळीच्या लातूरच्या कमिटीने नाताळाआधी मला बोलावून घेतलं. चांगली माणसं आहेत. म्हणाली, "बाई, बंद करायचं का चालू ठेवायचं, हे तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू." त्यांना वाटलं, मोठाच मान दिला. मला मात्र कुणीतरी आपलं ओझंही माझ्याच डोक्यावर ठेवून हात झटकल्यासारखं वाटलं. त्यांनी बंद केलं असतं तर मी चार दिवस रडले असते आणि पुण्याची बस धरली असती. स्वतःच्या तोंडाने बंद करा म्हणायचं, आणि रोज सकाळी त्या आयांची तोंडं बघायची, हे मला होईना. आणि चालवणंही होईना.

म्हणून त्या रविवारी उपासना संपल्यावर, सगळे गेल्यावर, मी पुढच्या बाकापाशी गेले आणि प्रभूशी सरळ बोलून टाकलं. म्हटलं, "मला मोकळं कर. माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस. उद्या सोमवारी जर एकही लेकरू दारात आलं नाही, तर तू मला सोडलंस असं मी समजेन आणि लातूरला फोन करेन." एवढं म्हटलं आणि इतकं हलकं वाटलं की उठताना गुडघेसुद्धा विशेष कुरकुरले नाहीत.

बाहेर आले तर हौसाक्का ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. मी म्हटलं, "उद्या जरा उशिरा आलीस तरी चालेल."

"उद्या म्या कशाला येतेय? उद्या येळवस हाय की ओ बाई. समदं गाव रानात जातंय. कोण सोडतंय उद्या लेकरं?" मग वर न बघता म्हणाली, "तुमी बी चला माज्या भावाच्या रानात. दरसाली कायतरी निमित्त काढताव."

आमच्या भागात वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, गाव ओस पडतं. झाडून सगळी माणसं शेतात जातात, कडब्याची खोप करून पूजा मांडतात, आणि भाज्या-शेंगांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे असं पोटाला तडस लागेपर्यंत खातात. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पानावर बसवतात. दोन दिवस गावभर आंबिलीचा आंबूस वास सुटला होता. मी तो घेत होते, रस्त्याने येता-जाता डोक्यावरच्या भाज्यांच्या पाट्या बघत होते, आणि तरी देवाला खूण मागताना नेमका सोमवारच तोंडात आला. मला माहीत होतं की नव्हतं, हे खरंच सांगता येणार नाही. दमलेलं माणूस स्वतःशी फार चौकशी करत नाही. एकदा वाटलं, आत जाऊन म्हणावं, सोमवार नको, मंगळवार धर. मग म्हटलं, देवाला काय पंचांग कळत नाही? आणि घरी जाऊन गाढ झोपले.

सोमवारी सकाळी बैलगाड्या, ट्रॅक्टर, जीपा भरभरून गेल्या आणि गाव चिडीचूप झालं. सवयीने मी पाळणाघराचं दार उघडलं आणि स्टूल घेऊन बसले. येळवशीला मी कधीच कुणाच्या रानात गेले नव्हते. कुणीतरी दारात हवं, असं सांगायचे. पूजेत ठेवलेलं अन्न खावं का, हा प्रश्न असतोच आमच्या ख्रिस्ती लोकांत, पण खरं कारण ते नव्हतं. दारात आपणच हवं, याचा एक तोरा होता. ऊन वर चढलं. कुणी आलं नाही. मी झोळ्या सोडवायला घेतल्या, एकेक लुगडं घडी करून ठेवू लागले. आनंद होईल असं वाटलं होतं. हात मात्र जड झाले होते.

निम्म्या झोळ्या उतरल्या असतील, तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली आणि एक बाई दीड-दोन वर्षांची मुलगी काखेत मारून पळत आली. कंधारकडच्या तांड्यावरची, कारखान्याच्या ऊसतोडीवर आलेली. लुगड्यावर रक्ताचे डाग होते.

"बाई, ठिवून घ्या हिला सांजपतूर. मालकाच्या पायावर कोयता बसलाय. लातूरला न्यायलेत, लई रगत गेलंय."

"आज बंद आहे," मी म्हटलं.

"दार तर उघडं हाय," ती म्हणाली. वाद घालायला नव्हे, दिसलं तसं बोलली. "समद्या घरांला कुलपं हायती. वेशीपाशी एक म्हातारं बसलं होतं, ते म्हणलं, घंटा हाय तिथं जा, तिथं लेकरू ठिवून घेतात."

तिने मुलगी माझ्या हातात दिली आणि गेली. नाव तेवढं पळता पळता सांगितलं, पायल. वेशीपाशी त्या दिवशी कोणतं म्हातारं मागे राहिलं होतं, हे मी नंतर हौसाक्काला विचारलं. तिला सांगता आलं नाही. असेल कुणीतरी.

खरं सांगते, मला स्तुती वगैरे काही सुचलं नाही. मला राग आला. वर बघून म्हटलं, एवढ्या गावात तुला मीच दिसले? आणि पायल रडायला लागली. दूध घेईना, बिस्किट हातातही धरीना. झोळीत घातलं तर कमान टाकायची. तिच्या आईचं लुगडं नव्हतं. उरलेल्या सगळ्या झोळ्यांत मी तिला घालून पाहिलं, घड्या घातलेली लुगडी पुन्हा सोडून बांधली, एकीतही टिकली नाही. शेवटी तिला काखेला मारून मी त्या रिकाम्या खोलीत फेऱ्या मारत राहिले. कंबर मोडून निघाली. तीही थांबेना, मीही थांबू शकत नव्हते. एका क्षणी माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तिचं रडणं कुठलं आणि माझं कुठलं ते कळेना. देवाशी बोलायचं भान नव्हतं. नुसतं "आता होत नाही, आता होत नाही" एवढंच तोंडात होतं.

"शिवा शिवा, किती रडायलंय हे," दारातून कुणीतरी म्हणालं.

एक जाडजूड बाई उभी होती, माझ्याच वयाची, डोक्यावर टोपलं. गळ्यात दोऱ्याला चांदीची लिंगाची डबी. उदगीरची होती, महादेवी तिचं नाव. आमच्या गावातल्या किराणा दुकानदाराची बायको ही तिची धाकटी बहीण. बहिणीच्या रानात येळवशीला निघालेली ही बाई बोलण्याच्या नादात एक थांबा आधीच बसमधून उतरली होती आणि उन्हात चालत आली होती.

"कुणाचं हाय?"

मी म्हटलं, "माझं नाही."

"कुणाचं का असंना. तुमी जेवलाव का?"

सकाळपासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. खरं तर किती महिन्यांत विचारला नव्हता, आठवेना. "नाही," मी म्हटलं. तिने टोपलं खाली ठेवलं, मुलीकडे हात पसरले. पायलने तिच्या गळ्यातली डबी मुठीत धरली आणि हुंदके देत बघत राहिली.

"चला रानात. ते काय, समोरच हाय, सडकंच्या पलीकडं. येळवशीला एकटं बसू नये."

मी म्हटलं, "दारात कुणीतरी हवं."

"दाराला काय झालंय? दार काय पळून जातंय?"

मी कडी घातली आणि तिच्या मागोमाग निघाले. इतक्या वर्षांत दुपारी मी त्या दाराला पहिल्यांदा कडी घातली असेन.

रानात ज्वारी डोक्याइतकी उभी होती. खोपीत चुन्याने रंगवलेले दगड मांडले होते, पूजा झाली होती, पंगत बसली होती. कोण, कुठली, कुणाची, कुणी विचारलं नाही. पान वाढलं. मी मान खाली घालून माझी जेवणाची प्रार्थना म्हटली, तेवढा वेळ समोरची बाई भज्जीची पळी धरून थांबली, मग वाढली. मी जेवले. पायलने आंबिलीचे दोन घोट घेतले आणि पुन्हा पेंगून किरकिरायला लागली. महादेवी आंब्याच्या फांदीला झोळी बांधायला उठली. मी म्हटलं, "नाही झोपायची. आईचंच लुगडं लागतं."

"तुमची शाल द्या," ती म्हणाली.

माझ्या जुन्या शालीला खिचडीचा आणि फिनेलचा वास येतो, हे मला ठाऊक आहे. तिने तिची झोळी केली. मुलगी सकाळपासून त्याच शालीवर डोकं आपटून रडली होती. झोळीत घातली, तिने कड तोंडात धरली आणि झोपली. महादेवी कानडीत काहीतरी गुणगुणत झोका देत राहिली. तांड्यावरच्या त्या लेकराला कानडी कळायचं कारण नव्हतं, मलाही कळत नव्हतं. मी खोपीच्या सावलीत कडब्यावर जरा टेकले. एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. अंगावर कुणाचं तरी लुगडं पांघरलेलं होतं. बायका भांडी घासत हळू आवाजात बोलत होत्या. माझ्यामुळे हळू, हे जरा वेळाने लक्षात आलं. आयुष्यभर मी लेकरं झोपवली. कुणी मला झोपू देऊन माझ्याभोवती आवाज कमी केला, असं आई गेल्यापासून झालं नव्हतं. पायल महादेवीच्या मांडीवर बसून हरभऱ्याचे घाटे चिवडत होती. मी तशीच पडून राहिले, उठले नाही, कुणाला बरं वाटावं म्हणून काही केलंही नाही. त्या पडून राहण्याइतकी खरी प्रार्थना मी त्या वर्षात केली नसेन.

दिवस मावळायच्या बेताला पायलची आई विचारत विचारत रानात आली. पाय वाचला होता, पण नवऱ्याला काही दिवस दवाखान्यात ठेवणार होते. तिने मुलीला छातीशी धरलं. मग चाचरत म्हणाली, "उद्या बी आणू का, बाई?"

सगळा निवाडा त्या चार शब्दांत होता, आणि तो तिला माहीत नव्हता. मी म्हटलं, "आण." बळ आलं होतं म्हणून नव्हे. गुडघे तसेच होते. उद्याचं कसं होईल याचा त्या क्षणी मला विचारच सुचला नाही, एवढंच.

मंगळवारी मला उठायला उशीर झाला. असं कधी होत नाही. धावतपळत गेले, वाटेत आयांची क्षमा कशी मागायची ते मनात जुळवत होते. पाहते तर दार उघडं, झोळ्या टांगलेल्या, चुलीवर खिचडी. पायलच्या आईने एक लुगडं आणून दिलं होतं. महादेवीला दुपारच्या बसने उदगीरला जायचं होतं, तोवर ती बहिणीला घेऊन आली होती, आणि हौसाक्का त्या दोघींवर डाफरत होती, "असा झोका देतेत व्हय? हळू द्या की." मी दारात उभी राहिले. कुणाचं माझ्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. लेकरं झोपली होती. मी नसताना झोपली होती.

महादेवी पुन्हा भेटली नाही. तिची बहीण मात्र दुकान नवऱ्यावर टाकून अजूनही अधूनमधून येते, आणि ती आली की मी घरी जाऊन पडते. लातूरला फोन केला, म्हटलं, चालू राहू द्या, आणखी एखादी तरुण बाई मिळाली तर बघा. ते लगेच हो म्हणाले. इतकं सोपं होतं तर आधी का मागितलं नाही, ते मला सांगता येत नाही.

दमते मी अजूनही. प्रार्थनेत जांभई येते, तर आता येऊ देते. प्रभूकडे मी सुटका मागत होते, आणि मला वाटत होतं की सुटका म्हणजे दाराला कुलूप. त्या मंगळवारी दारात उभं राहून मी बघितलं, माझ्यावाचून सगळं चाललं होतं. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग हौसाक्काने मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "उभ्या का राहिलाव, बाई? बसा की." आणि मी बसले.